खोकल्याचं पान

“म्हणजे हे दमतच नाही?”

अच्युतबुवांनी यंत्र मांडीवर घेतलं होतं आणि त्याच्या पाठीवरून ते अंगठा फिरवत होते.

“नाही बुवा,” रेवती म्हणाली. “चार्जिंग असेपर्यंत वाचत राहतं.”

“कंटाळतही नाही?”

“नाही.”

“चहा?”

रेवती हसली. दाराशी बसलेला गोपीनाथ मात्र हसला नाही. चहाचा टोमणा कुणाला होता ते त्याला बरोबर कळलं होतं.

प्रवरेच्या काठी हा लहानसा मठ. अच्युतबुवा त्या मठाच्या गादीवर बसले आणि थोड्याच वर्षांत काचबिंदूनं त्यांची नजर नेली. तेव्हापासून पोथी असो, आलेलं पत्र असो की औषधाच्या बाटलीवरचा कागद असो, बुवांना वाचून दाखवायचं काम गोपीनाथचं. आवाज असा की पहाटे तो ओवी म्हणू लागला की नदीवर आंघोळीला आलेली माणसं ओलेत्यानं उभी राहत. गावात त्याला ‘बुवांचे डोळे’ म्हणत. हे नाव त्याला फार आवडे. इतकं आवडे की कुणी नुसतं गोपीनाथ म्हणून हाक मारली तर त्याला आपला काहीतरी मान राहून गेल्यासारखं वाटे.

आणि आता हे पानाच्या डब्याएवढं काळं यंत्र. छापील पानावर धरायचं, गोल बटण दाबायचं. टक् असा आवाज होतो आणि आतली बाई वाचू लागते.

रेवती शहरातल्या एका संस्थेत ही यंत्रं बनवायची. तिनं बुवांच्या हाताला एकेक बटण दाखवलं, पोथीच्या पानावर यंत्र किती उंच धरायचं ते शिकवलं आणि मग म्हणाली, “मला कौतुक नकोय बुवा. आठवडाभर वापरा. काय अडतं, काय चुकतं, अजून काय हवं, ते सगळं सांगा. पुढच्या गुरुवारी येते. तुमच्या सूचनांवरून पुढचं यंत्र सुधारायचंय आम्हाला.”

“खोट काढायची म्हणता,” बुवा म्हणाले. “त्याला आमचा गोपीनाथ आहे.”

*

गोपीनाथनं ते काम अगदी मन लावून केलं.

यंत्र वाचायला लागलं की तो शेजारी येऊन बसे. ओवी संपली तरी यंत्र थांबत नव्हतं, सरळ पुढच्या ओवीत घुसत होतं. पानाच्या कोपऱ्यातला आकडाही ते मजकुरासकट वाचून टाकत होतं. “चित्त स्थिर करावें एकशे बारा,” असं यंत्रातली बाई शांतपणे म्हणाली तेव्हा गोपीनाथला मनापासून आनंद झाला.

“ऐकलंत बुवा? एकशे बारा म्हणे!”

“ऐकलं.”

“आणि भाव नाही याला. रडण्याची ओवी आणि रागाची ओवी, दोन्ही सारख्याच.”

“हं.”

“माणसाला कसं, कुठं आवाज खाली घ्यावा, कुठं जरा थांबावं, समोर कोण बसलंय...”

“हं.”

“तुम्ही नुसतं हं म्हणताय.”

“ऐकतोय,” बुवा म्हणाले.

दिवसा लोकांसमोर गोपीनाथ यंत्राची नक्कल करून दाखवी. लोक हसत. पण एकटा असला की त्याच्या मनात येई: हे यंत्र मठात राहिलं तर आपण इथे कशाला?

पण त्याची खरी भीती वेगळीच होती. ती होती पोथीतल्या सातव्या अध्यायाची.

मठाच्या मूळपुरुषांनी लिहिलेली ती पोथी मुळात मोडीत होती. ती कुणाला वाचता येत नव्हती. बुवांची नजर गेल्यावर मठानं एका जाणकाराकडून ती बाळबोधीत उतरवून छापून घेतली. सुटी आडवी पानं, वर लाल कापड. भाविकांनी प्रती घरी नेल्या, देव्हाऱ्यात ठेवल्या आणि रोज हळदकुंकू वाहू लागले. उघडून वाचायच्या भानगडीत कुणी पडलं नाही. वाचणारा एकच, गोपीनाथ. ऐकणारे बुवा.

पहिल्याच वर्षी सातवा अध्याय वाचताना त्याची नजर ओळीच्या पुढे धावली आणि पानाच्या तळाशी अडकली. तिथे लिहिलं होतं:

जयाचे विझाले दोन्ही डोळे । तयासी पुढील खांच न कळे ।
तो गादीवरी बैसतां बळें । शिष्यांसी लोटील ॥

ज्याचे डोळे गेले त्याला पुढचा खड्डा दिसत नाही. तो गादीवर बसला तर शिष्यांना खड्ड्यात घालील. खुद्द मूळपुरुषांच्या पोथीत. आणि समोर बुवा डोळे मिटून, मान किंचित वाकडी करून ऐकत बसलेले.

गोपीनाथला खोकला आला. म्हणजे त्यानं तो आणला. खोकता खोकता त्यानं ते पान आणि त्याच्या खालचं पान, दोन्ही मिळून उलटली आणि पुढून वाचायला लागला. त्या पानाच्या मागे आणखी काय काय लिहिलंय ते बघायची त्याची छाती झाली नाही.

“खोकला झालाय तुला,” बुवा म्हणाले. “सुंठेचा काढा घे.”

त्यानं घेतला. पुढच्या वर्षी सातवा अध्याय आला, खोकला आला, काढाही आला. दर वर्षी ती दोन पानं तो जोडीनंच उलटत असे. एरवी तोंडानं फटकळ असलेला हा माणूस एवढ्या एका जागी इतका हळवा होता आणि त्या हळवेपणाचा त्याला मनातून अभिमानही होता. बुवांना आपण जपतो. कुणाला कळत नाही, पण जपतो.

यंत्राला हे कसं सांगायचं?

*

सोमवारी सकाळी तो चहा घेऊन बुवांच्या खोलीकडे गेला आणि दारातच थबकला.

बुवांनी पोथी स्वतःच सोडली होती. पानं एकेक करून बोटांनी चाचपून ते यंत्राखाली ठेवत होते. टक्. यंत्रातली बाई वाचत होती. ओवी कोणती ते गोपीनाथनं अर्ध्या शब्दात ओळखलं. सातवा अध्याय. तेच पान.

आत जावं, पोथी हातातून काढून घ्यावी, चहा सांडावा, काहीतरी करावं. त्यानं यातलं काहीच केलं नाही.

“जयाचे विझाले दोन्ही डोळे,” बाई म्हणाली. न अडखळता, न थांबता. एकशे बारा म्हणाली होती, अगदी तशीच. “तयासी पुढील खांच न कळे...”

गोपीनाथनं चहाचा पेला उंबऱ्यावर ठेवला आणि पाठ फिरवली. तो नदीच्या घाटापर्यंत गेला. पायऱ्यांवर बसला तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आपण धावत आलो.

तो बसून राहिला. आता बुवा काय करतील? बुवांना तो पुरता ओळखत होता. मूळपुरुषांचा शब्द म्हणजे बुवांना शेवटचा शब्द. पोथी म्हणते उठ, तर बुवा उठतील. कुणी कितीही पाया पडलं तरी ऐकणार नाहीत. आणि हे सगळं कुणामुळे? गोपीनाथनं इतकी वर्षं जे अडवून धरलं होतं, ते एका डबीनं एका सकाळी सांगून टाकलं.

संध्याकाळी आरतीच्या आधी तो आत गेला. गादी मोकळी होती. बुवा खाली, भिंतीला टेकून, सतरंजीवर बसले होते.

तो सतरंजीच्या कडेशी बसला.

“बुवा... गादीवर का नाही बसलात?”

“बरंय इथं,” बुवा म्हणाले.

दुसऱ्या दिवशीही बुवा खालीच. बुधवारीही खालीच. मांडीवर यंत्र, हाताशी पोथी. गोपीनाथला त्यांनी वाचायला बोलावलं नाही, काही विचारलंही नाही. त्याला जेवण जाईना. पहाटे त्यानं ओवी म्हणायला तोंड उघडलं आणि आवाज फुटला नाही, तेव्हा बुवा आतून म्हणाले, “राहू दे आज.”

तेवढंच. राग नाही, दुःख नाही. त्यापेक्षा बुवांनी काठी फेकून मारली असती तर बरं झालं असतं, असं गोपीनाथला वाटलं.

*

गुरुवारी रेवती आली. तिनं मोबाईल मधोमध ठेवला आणि म्हणाली, “बोला बुवा. मी रेकॉर्ड करते.”

बुवा सतरंजीवर नीट सावरून बसले. त्यांना बहुधा या कामाची मजा वाटत होती.

“दोन बटणं जवळजवळ आहेत आणि दोन्ही गुळगुळीत. वाचायचं दाबायला जावं तर बंद होतं. एकाला खरबरीत करा.”

“बरोबर.”

“पान उलटं ठेवलं तर ही बाई काहीबाही बरळते. पान उलटं आहे, एवढं म्हणायला तिला काय जातं?”

“हो, ते आम्हाला कळायला हवं होतं.”

“चार्जिंग संपत आलं की आधी सांगावं. ओवी अर्धी टाकून जाऊ नये, वाईट वाटतं. पानांचे आकडे वाचू नका म्हणावं. ती सूचना गोपीनाथची आहे. आणि ती वायर...”

“वायरचं काय?”

“फार आखूड. बटणाचा बोर्ड इकडं भिंतीशी. गादीपर्यंत पोचतच नाही. चार दिवस मला खाली बसावं लागलं. पाठ धरली माझी.”

गोपीनाथनं एकदम मान वर केली. बुवा पाठ चोळत होते. त्याच्या छातीवरचा धोंडा हलला, पण पुरता उतरला नाही. ओवी तर बुवांनी ऐकलीच होती.

“गोपीनाथा,” बुवा म्हणाले, “तुझी मोठी सूचना कुठली? सांग ताईंना.”

त्यानं घसा साफ केला. चार दिवस मनात घोळवलेलं बोलायला त्याला हीच संधी होती. यंत्राकडे बोट दाखवायचं आणि मनातलं बोलायचं.

“या यंत्राला समज नाही,” तो म्हणाला. “पुढ्यात काय आलं ते वाचत सुटतं. समोर कोण आहे, त्याला काय लागेल, कशानं तो खचेल, काही बघत नाही. माणूस असं करत नाही. माणूस जपतो. बोचेल असा मजकूर आला तर यंत्रानं तो गाळावा, अशी काहीतरी सोय करा. एखादं बटण ठेवा. दुसऱ्याच्या हातात राहील असं.”

“दुसऱ्याच्या?” रेवतीनं विचारलं.

“म्हणजे... जवळच्या माणसाच्या.”

बाहेर नदीवर कुणीतरी कपडे धूत होतं, त्याचा धपधप आवाज येत राहिला.

मग बुवांनी शेजारची पोथी चाचपली. पानं सरकवत सरकवत एका पानाशी थांबले आणि ते गोपीनाथपुढे धरलं.

“वाच.”

ते तेच पान होतं.

“बुवा...”

“वाच ना. आवाज बसलाय का?”

त्यानं वाचायला घेतलं. वरच्या ओव्या वाचल्या. रोजचा गोड आवाज कुठे गेला कोण जाणे, एखाद्या परक्याचा वाटावा असा आवाज निघत होता. पानाच्या तळाशी तो आला आणि त्याच्या घशात खरंच काहीतरी दाटलं. पाण्यानं डोळे भरले. अक्षरं दिसेनात.

बुवा वाट बघत राहिले. मान तशीच, किंचित वाकडी.

“जयाचे विझाले...” तो म्हणाला आणि थांबला. “...दोन्ही डोळे. तयासी पुढील खांच न कळे. तो गादीवरी बैसतां बळें...”

“हं.”

“शिष्यांसी लोटील.”

संपलं. इतकी वर्षं जे त्यानं ओठांवर येऊ दिलं नव्हतं, ते त्यानं स्वतःच्या तोंडानं, बुवांच्या तोंडावर म्हटलं. त्यानं पान खाली ठेवलं आणि बुवांच्या पायांवर डोकं टेकवलं.

“माफ करा बुवा. मला तुम्हाला हे ऐकू द्यायचं नव्हतं.”

“पान उलट,” बुवा म्हणाले.

“काय?”

“पान उलट. चिकटलं होतं खालच्या पानाला. इतकी वर्षं उघडलंच नाहीस, चिकटेल नाही तर काय. नखानं सोडवायला मला अर्धी सकाळ लागली.”

गोपीनाथनं पान उलटलं. मागची बाजू नव्यासारखी करकरीत होती. हळदीचा नाही, बोटाचा नाही, कसलाच डाग तिच्यावर नव्हता. तो ही बाजू आयुष्यात पहिल्यांदा बघत होता.

“वाच.”

त्यानं वाचलं:

ऐसें बोलती कितीएक जन । तें आम्हीं घेतलें ऐकोन ।
डोळे असोत नसोत दोन । त्याचा हिशेब नाहीं ॥
कठीण बोल जो ऐके निवांत । न म्हणे पुरे, न होय भ्रांत ।
त्याची गादी होईतों देहान्त । येरां उठवावें ॥

त्यानं पुन्हा वाचलं, या वेळी मनात. आधीची ओवी मूळपुरुषांची नव्हतीच. ती लोकांची होती. लोक असं म्हणतात, एवढंच त्यांनी आधी मांडलं होतं आणि उत्तर पानाच्या पाठीमागे दिलं होतं. डोळ्यांचा त्यांना काही हिशेब नव्हता. जो कठीण बोल शांतपणे ऐकून घेतो त्याची गादी. बाकीच्यांना उठवा.

आणि बुवांच्या कानांवर एवढी वर्षं हात धरून कोण बसलं होतं?

त्याला वर बघवेना.

“दर वर्षी त्या जागी तुला खोकला यायचा,” बुवा म्हणाले. “खोकला खरा की आणलेला, ते कळायला डोळे लागत नाहीत रे.”

“मग विचारलं का नाहीत?”

बुवांचा अंगठा यंत्राच्या पाठीवरून फिरत होता, पहिल्या दिवशी फिरत होता तसाच.

“भ्यालो,” ते म्हणाले. “त्या खोकल्याखाली काय असेल, याला मीही भ्यालो. तू खोकायचास आणि मी काढा मागवायचो... दोघांचं बरं चाललं होतं.”

रेवती खाली बघत होती. तिला तिथून उठून जावंसं वाटत होतं आणि उठवतही नव्हतं.

“बुवा,” गोपीनाथ म्हणाला, “मग आता... यंत्र राहील ना इथं?”

“राहील.”

“आणि मी?”

“उद्या पहाटे आठवा अध्याय आहे,” बुवा म्हणाले. “मला तो कुणी वाचून दाखवायचा? तिला ओवी कुठं संपते तेसुद्धा कळत नाही.”

गोपीनाथला हसू आलं आणि हसता हसता तो रडायला लागला. बुवांनी हात पुढे केला. तो हात आधी त्याच्या खांद्यावर पडला, मग चाचपत डोक्यावर आला आणि तिथे थोडा वेळ राहिला. मग बुवा भिंतीचा आधार घेत उठले आणि गादीवर जाऊन बसले. यंत्र त्यांनी सतरंजीवरच ठेवलं. वायर आखूड होती.

जायला निघताना रेवतीनं मोबाईल उचलला. “सगळ्या सूचना एकदा सांगते बुवा, काही चुकलं असेल तर बघा. एक बटण खरबरीत. पान उलटं असलं तर सांगावं. चार्जिंग संपायच्या आधी सांगावं. पानाचे आकडे वाचू नयेत. ओवी संपली की थांबावं. वायर लांब.”

“बरोबर.”

“आणि...” तिनं गोपीनाथकडे पाहिलं, मग बुवांकडे. “बोचणारा मजकूर यंत्रानं गाळावा. ही ठेवू की काढू?”

गोपीनाथ पोथीची पानं नीट लावत होता.

बुवांनी मान किंचित वाकडी केली.

“ताई, त्या बाईला खोकला येत नाही,” ते म्हणाले. “तेवढं मात्र सुधारू नका.”